पंधरा वर्षांच्या मेंदूचा अडतीस पानी रिपोर्ट

पत्र

मॅडम,

मी कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेबाला आहे. राहायला मंगळवार पेठेत. मुलगा यंदा दहावीला. अभ्यासात मध्यम, आठवीपर्यंत गणितात साठ-पासष्ट पडायचे. तालमीच्या पोरांत फुटबॉल खेळतो, त्याचा मात्र लई नाद.

गेल्या महिन्यात त्याच्या क्लासमध्ये मेंदूची चाचणी करणारे लोक आले होते. मशीनवर दहाही बोटांचे ठसे घेतले, साडेचार हजार रुपये घेतले आणि अडतीस पानांचा रंगीत रिपोर्ट दिला. त्यात लिहिलंय, मुलगा 63 टक्के उजव्या मेंदूचा आहे, गणित आणि सायन्स त्याला झेपणार नाही. आता तेच लोक म्हणतात, माणूस फक्त दहा टक्के मेंदू वापरतो, बाकीचा झोपलेला असतो. मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचा कोर्स केला की तो जागा होतो. कोर्सचे अठरा हजार. मी पाचशे भरून नाव घातलंय.

रिपोर्ट आल्यापासून पोरगं बीजगणिताचं पुस्तक उघडत नाही. 'पप्पा, माझा मेंदूच तसला नाही,' म्हणतं. रात्री एकपर्यंत जागं, सकाळी हलवून उठवावं लागतं, काही बोललं की अंगावर येतं. परवा न विचारता माझी मोटरसायकल काढून मित्रांना घेऊन रंकाळ्याला गेलं. एमआरआय काढून बघू का, मेंदूत काय चाललंय ते? त्याची आजी म्हणते, लहानपणी टाळू नीट भरली नाही, त्याचं हे सगळं. कोर्सचे पैसे भरू का, तेवढं सांगा.

– एक बाप, मंगळवार पेठ

उत्तर

नमस्कार.

आधी पैशाचं बोलू, कारण हप्त्याची तारीख डोक्यावर असणार. अठरा हजार भरू नका. पाचशे परत मागून बघा, नाही दिले तर सोडून द्या. साडेचार हजार गेले ते गेले. पण त्या साडेचार हजारात तुमच्या घरात एक वाक्य आलंय, 'माझा मेंदूच तसला नाही', आणि मला काळजी आहे ती त्या वाक्याची. पैसा बुडाला तर पुन्हा मिळवता येतो. पंधरा वर्षांच्या पोरानं स्वतःबद्दल धरलेली समजूत काढायला मात्र फार वेळ लागतो. म्हणून 'भरू नका' एवढं लिहून थांबत नाही. पत्र लांबणार आहे. दुपारी बाजार उठल्यावर निवांत वाचा, आणि जमलं तर त्यालाही वाचायला द्या.

ठशांपासून सुरुवात करते. ही चाचणी विकणारे एक खरी गोष्ट सांगतात आणि तिच्या आडून दहा खोट्या खपवतात. खरी गोष्ट ही, की गर्भात त्वचा आणि मेंदू एकाच थरातून तयार होतात. पण त्यावरून ठसा बघून मेंदू ओळखता येतो म्हणणं कसं आहे सांगू? रस आणि चिपाड एकाच उसाचं असतं. म्हणून गुऱ्हाळाबाहेरच्या चिपाडाच्या ढिगाकडे बघून गुळाचा रंग आणि भाव सांगणारा माणूस तुमच्या अडतीवर आला, तर तुम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावाल. ठसे आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ठरतात. बोटांच्या टोकांवर तेव्हा फुगीर गाद्या असतात. त्या कशा आणि कधी बसतात, कातडी कुठून किती ताणली जाते, यावर शंख पडतो की चक्र ते ठरतं. आणि त्या वेळी बाळाच्या मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. अक्रोडासारख्या घड्या बहुतेक नंतर पडतात. ज्या मेंदूला अजून घडी नाही त्याचं बीजगणित बोटावर कोण लिहून ठेवणार?

तळहाताच्या रेषांचा वैद्यकात थोडा उपयोग आहे, तो मी नाकारत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांच्या तळव्यावर आडवी एकच सलग रेष दिसते, आणि डॉक्टर तिची नोंद घेतात. पण तीही फक्त खूण असते, निदान गुणसूत्रं तपासूनच होतं. ठशावरून बुद्धी, स्वभाव किंवा करिअर सांगण्याला शास्त्रात काही आधार नाही, हे आपल्या देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं, जाहीरपणे सांगितलेलं आहे.

आता उजवा-डावा. मी पुष्कळ वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं. पहिल्या वर्षाच्या पोरांच्या हातात मेंदू दिला की दोन गोष्टींनी ती दचकतात. एक म्हणजे वजन: प्रौढ माणसाचा मेंदू जेमतेम 1,300 ते 1,400 ग्रॅमचा, तुमच्याकडच्या किलोच्या ढेपेपेक्षा थोडा जड. आणि दुसरी म्हणजे त्याचा मऊपणा. आमच्याकडचे मेंदू फॉर्मालिनमध्ये मुरून पनीरसारखे घट्ट झालेले असतात. ताजा मेंदू खरवसासारखा, बोट लावलं तर खळगा पडेल असा. म्हणून तर निसर्गानं त्याला कवटीच्या पेटीत, पाण्यात तरंगत ठेवलाय.

वरून बघितलं तर अक्रोडासारखे दोन अर्ध दिसतात. पण अर्ध अलगद बाजूला केले की तळाशी एक जाड पांढरा पट्टा दिसतो. डाव्या-उजव्याला जोडणारा हा पूल, आणि त्यात सुमारे 20 कोटी तंतू. शिवाजी पुलावरची वाहतूक तासाभरासाठी थांबली तर शहराचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. हा पूल मात्र झोपेतही थांबत नाही. डावा अर्ध एक काम करतो आणि उजवा दुसरं, यात थोडं तथ्य आहे. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या सर्जनकडे एक रुग्ण आला. त्याला 'टॅन' एवढंच बोलता यायचं, दुसऱ्याचं बोललेलं मात्र सगळं कळायचं. तो गेल्यावर ब्रोकानं मेंदू तपासला तेव्हा डाव्या कपाळामागचा एक भाग खराब झालेला दिसला. बोलण्याची यंत्रणा बहुतेक माणसांत डावीकडे असते हे तिथून कळलं. पुढे रॉजर स्पेरी यांनी फिट्सच्या आजारासाठी तो पूलच कापलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. दोन्ही अर्धांची कामं वेगवेगळी कशी दिसतात हे दाखवलं आणि 1981 चं नोबेल मिळवलं.

पण तो कापलेल्या पुलाचा अभ्यास होता. बाजारानं त्यातून 'उजव्या मेंदूची माणसं' आणि 'डाव्या मेंदूची माणसं' अशा दोन जातीच पाडल्या. 2013 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात 7 ते 29 वयाच्या 1,011 जणांचे स्कॅन याच प्रश्नासाठी तपासले. एखादं काम डावीकडे जास्त चालतं, एखादं उजवीकडे, हे दिसलं. अमुक माणसाचा एकूण डावाच मेंदू बळकट आणि तमक्याचा उजवाच, असं काही सापडलं नाही. म्हणजे 63 टक्के हा आकडा मोजून आलेला नाही. तो छापलेला आहे, एवढंच.

दहा टक्क्यांची थापही तशीच. मेंदू शरीराच्या वजनाच्या 2 टक्के असतो आणि आपण नुसतं बसलेलो असताना शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के खातो. दहापैकी नऊ हमाल नुसते झोपून राहतात आणि मजुरी मात्र सगळ्यांची द्यावी लागते, अशी अडत किती दिवस चालेल? पक्षाघाताच्या वॉर्डात एकदा चक्कर मारा. वाटाण्याएवढ्या जागेचं रक्त थांबलं तर एक हात लुळा पडतो, कुणाचा शब्द जातो, कुणाला एका बाजूचं दिसत नाही. जिथं इजा झाली तरी काहीच बिघडत नाही, असा मोठा 'झोपलेला' भाग आजवर कुणाला सापडलेला नाही.

मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू. मेंदूच्या देठाचा वरचा भाग, जेमतेम 2 सेंटिमीटर लांबीचा. डोळ्यांच्या हालचाली, बाहुली लहान-मोठी होणं, आवाज आला की मान तिकडे वळणं, अशी कामं त्याच्याकडे आहेत. त्यातल्या काळपट दिसणाऱ्या पेशी मेल्या की कंपवात होतो. जागं राहण्यासाठी देठाचा हा भाग चालू असावा लागतो. तो 'ॲक्टिव्हेट' झालेला नसता तर तुमचं पोरगं तुमच्या अंगावर ओरडलंच नसतं, बेशुद्ध पडून राहिलं असतं. आणि कोर्सच्या शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून मुलं पुस्तक वाचतात ना, तो खेळ बुवाबाजीविरुद्ध काम करणाऱ्या मंगळुरूच्या नरेंद्र नायक यांनी अनेकदा उघडा पाडलाय. नाकाशेजारी पट्टीला फट राहते. फट बुजवली की दिव्यदृष्टीही बुजते. वाईट याचं वाटतं, की मुलांना ते फटीतून बघतायत हे ठाऊक असतं. आईबाप कौतुकानं टाळ्या वाजवतात आणि मूल खोटं बोलायला शिकतं. त्याचे अठरा हजार.

असो. राग आला की माझं लिहिणं भरकटतं.

तुमच्या मुलाच्या मेंदूत खरोखर काहीतरी चाललंय, आणि ते जाणून घेण्यासारखं आहे. त्यासाठी थोडं मागून यावं लागेल.

गर्भ चार आठवड्यांचा होतो तोवर मेंदू आणि मज्जारज्जू होणारी एक बारीक नळी मिटलेली असते. बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून घ्या म्हणून डॉक्टर मागे लागतात ते याचसाठी. पुढच्या महिन्यांत मोठ्या मेंदूच्या बहुतेक सगळ्या चेतापेशी जन्माआधीच तयार होतात. आयआयटी मद्रासच्या मेंदू केंद्रानं गर्भाच्या मेंदूचे 5,132 पातळ छेद घेऊन, एकेक पेशी दिसेल असा नकाशा 2024 च्या डिसेंबरमध्ये जगासमोर ठेवला. नाव ठेवलंय 'धरणी'. जगाला फुकट बघता येतो. आपल्याकडे ठशांच्या रिपोर्टाला गिऱ्हाईक आहे, आणि या नकाशाची बातमी कुठं तरी कोपऱ्यात छापून आली.

मोठ्या माणसाच्या मेंदूत सरासरी 8,600 कोटी चेतापेशी असतात. हा आकडा ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांच्या गटानं 2009 साली काढला. पद्धत ऐकून हसाल. मेंदूचे तुकडे अक्षरशः विरघळवून त्याचं सार केलं, ते ढवळून एकजीव केलं आणि थोड्याशा सारात पेशींची केंद्रकं मोजून सगळ्याचा हिशेब मांडला. पाकाचा थेंब बघून अख्ख्या काहिलीचा अंदाज घेणाऱ्या गुळव्याला यात नवल वाटायचं नाही. त्या 8,600 कोटींपैकी सुमारे 6,900 कोटी पेशी मागच्या लहान मेंदूत निघाल्या. शाळेच्या पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. तोल, वेग, चेंडू कुठं पडेल आणि पाय कुठं टाकायचा याचा अंदाज, हे तिथलं काम. म्हणजे तुमचा मुलगा मैदानावर असतो तेव्हा त्याच्या बहुसंख्य चेतापेशी ज्या भागात आहेत तो भाग जोरात कामाला लागलेला असतो. 'खेळात डोकं लागत नाही' असं घरात कुणी म्हणालं तर हे वाक्य दाखवा.

जन्मलेल्या बाळाचा मेंदू साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा. दोन वर्षांत तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे 80 टक्के होतो, शाळेत जायच्या वयाला 90 च्या पुढे. मग पंधराव्या वर्षी वाढायचं उरलं काय?

आकारमान उरलेलं नाही, पण जोडण्या उरल्यात. चेतापेशी एकमेकींशी बोलतात त्या सांध्यांवर. लहानपणी हे सांधे मोकाट फुटतात. पीटर हुटेनलोकर यांनी 1979 साली दाखवलं, की कपाळामागच्या भागात एक-दोन वर्षांच्या मुलाचे सांधे मोठ्या माणसाच्या दीडपट दाट असतात. पुढे जे वापरात राहतात ते टिकतात, बाकीचे गळतात. तुमच्याकडे शेतकरी रोज येतात, त्यांना विचारा, बी दाट पडलं की काय करतात. विरळणी करतात. रोप उपटताना जीव हळहळतो, पण न उपटावं तर कुठलंच नीट पोसत नाही. मेंदू तेच करतो. आणि अमेरिकेतल्या जे गीड या संशोधकाच्या गटानं त्याच मुलांचे एमआरआय काही वर्षांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा काढून 1999 साली मांडलं, की कपाळामागच्या भागातला करडा थर वयात येताना, अकरा-बाराव्या वर्षी, जास्तीत जास्त जाड होतो आणि मग पातळ व्हायला लागतो. तुमच्या घरात सध्या हा हंगाम चालू आहे.

त्याच वेळी दुसरं काम सुरू असतं. चेतापेशींच्या लांब तंतूंवर चरबीचं आवरण चढतं, वायरवर प्लॅस्टिक चढावं तसं. आवरण चढलं की निरोपाचा वेग कितीतरी पटींनी वाढतो. पण हे काम सगळीकडे एकदम होत नाही, ढोबळमानानं मागून पुढे सरकतं. बघणं, ऐकणं, हालणं यांची जागा आधी. थांबणं, पुढचा विचार करणं, 'नको' म्हणणं, हे ज्या कपाळामागच्या भागाचं काम, त्याचा नंबर शेवटी. पंचविशीच्या आसपास कुठं ते पुरं होत येतं. गंमत, राग, शाबासकी यांनी उसळणारी आतली यंत्रणा मात्र वयात येतानाच जोर धरते. ॲक्सिलरेटर आलाय, ब्रेक अजून गॅरेजात बसवतायत.

म्हणून रंकाळा. 2005 साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी संगणकावरचा गाडी चालवायचा खेळ वेगवेगळ्या वयाच्या लोकांना दिला, कधी एकट्याला, कधी मित्रांसमोर. मोठ्यांना मित्र असल्या-नसल्यानं विशेष फरक पडला नाही. तेरा ते सोळा वयाची पोरं मात्र मित्रांसमोर कितीतरी जास्त धोका पत्करू लागली. तुमचा मुलगा एकटा असता तर कदाचित किल्लीला हात लावला नसता. मागून कुणी तरी 'काढ की भावा' म्हणालं असणार.

मेंदूची ही अवस्था हे कारण झालं, माफी नव्हे. गाडीची किल्ली आजपासून तुमच्या खिशात. अठरा वर्षांखालच्या मुलानं गाडी काढून गुन्हा केला तर 2019 पासून कायदा पालकाला किंवा गाडीच्या मालकालाच धरतो: 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद. तुमच्या बाबतीत पालक तुम्ही आणि मालकही तुम्हीच. मुलाला हे रागानं सांगू नका, हिशेब सांगतात तसं सांगा.

झोपेचंही असंच. या वयात शरीरात रात्र उशिरा होते. झोप आणणारं मेलाटोनिन मुलांच्या रक्तात लहानपणापेक्षा उशिरा चढायला लागतं. दहाला झोपवायला गेलात तर तो छताकडे बघत पडणार. पण त्यात मोबाईलचा उजेड मिसळला की अकराचा एक होतो, आणि शाळेची घंटा काही उशिरा वाजत नाही. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. दिवसा शिकलेलं रात्री मेंदू पक्कं करतो, म्हणजे एक वाजता झोपून सहाला उठणारं पोरगं बीजगणित अर्धवट भाजून सोडतं. घरात सगळ्यांचेच मोबाईल साडेदहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. सगळ्यांचेच म्हटलंय मी, तुमचाही. आठवडाभर कुरकुर होईल.

एमआरआयचं विचारलंत. काढू नका. ते यंत्र थोर आहे, पण त्याला बीजगणित दिसत नाही.

ही यंत्रं किती नवी आहेत याची आपल्याला कल्पना नसते. ब्रोकाला रुग्ण मरेपर्यंत थांबावं लागलं होतं. 1924 साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी पहिल्यांदा कागदावर उतरवल्या. फिट्ससाठी आज ईईजी काढतात तो हाच. जिवंत माणसाचा मेंदू कवटी न उघडता नीट दिसला तो 1971 च्या ऑक्टोबरात, लंडनमध्ये, पहिल्या सीटी स्कॅनमध्ये. म्हणजे माझ्या पिढीच्या डोळ्यादेखत. मग एमआरआय आला. त्यानं गाठ, सूज, रक्तस्राव, जन्मतः राहिलेली उणीव दिसते. फंक्शनल एमआरआय म्हणून जो प्रकार संशोधनात वापरतात, त्यात कुठल्या भागाकडे रक्त जास्त धावलं ते दिसतं, आणि तेही पुष्कळ लोकांची सरासरी काढल्यावर. एका पोराचा फोटो काढून 'याला सायन्स द्या, याला देऊ नका' असं सांगणारं यंत्र जगात कुठंच नाही. कोल्हापुरात नाही, मेंदू आणि मनाच्या आजारांसाठी असलेल्या बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेतही नाही, जिथं 1995 पासून मानवी मेंदूंची पेढी चालते.

एमआरआय लागतो तो वेगळ्या कारणांनी: फिट आली, सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी असं वारंवार होऊ लागलं, हातापायातली ताकद गेली, दिसण्यात फरक पडला, किंवा स्वभाव हळूहळू न बदलता थोड्या दिवसांत पार पालटला. यातलं काही असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता डॉक्टरकडे जा. तुमच्या पत्रात यातलं मला काही दिसलं नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. शाहू स्टेडियमवरच्या सामन्याचा पेठांमध्ये काय जोश असतो ते मीही बघितलंय. खेळ बंद करू नका, पळण्यानं त्याच्या मेंदूचं भलंच होतंय. पण डोक्याला डोकं आपटलं, क्षणभर भान गेलं, गरगरलं, उलटी झाली, किंवा तो तेच तेच विचारायला लागला, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही, अंतिम सामना असला तरी. खरवस आठवा. भांडं हिसडलं की तडा वरून दिसत नाही. त्याच संध्याकाळी डॉक्टरला दाखवायचं. आणि पुरतं बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला तर तो फार महागात पडतो.

आता बीजगणित. आठवीपर्यंत साठ-पासष्ट मिळत होते म्हणजे आकड्यांशी त्याचं मुळात वैर नाही. जन्मतः आकडेच न उमगणं ही अडचण काही मुलांना खरंच असते, पण ती पहिली-दुसरीपासून दिसते, आणि तिची तपासणी मानसशास्त्रज्ञ समोरासमोर बसून, तोंडी आणि लेखी चाचण्या घेऊन करतात. बोटांचे ठसे घेऊन नव्हे. तुमच्या मुलाचं बहुतेक नववीत कुठं तरी सुटलंय. आठवीच्या पुस्तकातली बैजिक राशींची प्रकरणं काढा आणि तिथून सुरू करा. रोज अर्धा तास, खेळून आल्यावर, जेवायच्या आधी. तुम्ही हिशेबातला माणूस आहात. त्याला शिकवू नका, शेजारी बसून तुमची खतावणी लिहा.

त्याला लंडनच्या टॅक्सीवाल्यांची गोष्ट सांगा. तिथं परवाना हवा तर शहरातल्या सुमारे 25,000 रस्त्यांची परीक्षा द्यावी लागते, आणि तयारीत तीन-चार वर्षं जातात. एलेनॉर मॅग्वायर यांनी तयारी करणाऱ्यांचे एमआरआय आधी आणि नंतर काढले आणि 2011 साली निकाल मांडला. सुरुवातीला सगळ्यांचे मेंदू सारखेच होते. जे परीक्षा पास झाले, त्यांच्या मेंदूतला वाटा लक्षात ठेवणारा भाग वाढलेला निघाला. ही सगळी मोठी, बापय माणसं. त्यांचा मेंदू पुस्तक घेऊन बसल्यानं बदलत असेल, तर पंधरा वर्षांच्या पोरानं 'माझा मेंदूच तसला नाही' म्हणायचं काय कारण?

मी स्वतः धुतल्या तांदळासारखी आहे असं नाही. विच्छेदनाच्या तासाला एका मुलाच्या हातून दर वेळी नस तुटायची. मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, 'तुझा हात सर्जनचा नाही.' आता तो सर्जन आहे. भेटला की दोन्ही हात माझ्यासमोर पसरतो आणि काही बोलत नाही. त्याच्या बोटांवर शंख किती आणि चक्रं किती, ते मी कधी बघितलं नाही.

तो रिपोर्ट फाडू नका, फाडला तर तो मुलाच्या डोक्यात छापला जाईल. त्याच्यासमोर बसा, 63 टक्क्यांचं पान काढा आणि विचारा, 'हे कशानं मोजलं असेल?' त्यालाच शोधू द्या. सायन्सचा पहिला धडा तिथंच होऊन जाईल.

आणि आजींना माझा नमस्कार सांगा. टाळू तेलानं भरत नाही. बाळाच्या कवटीची हाडं मुद्दाम सुटी ठेवलेली असतात, कारण आतला मेंदू पहिल्या दोन वर्षांत झपाट्यानं वाढतो आणि त्याला जागा लागते. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत आपोआप मिटते, तेल घाला नाही तर नका घालू. नातवाची टाळू भरली नसती तर डॉक्टरांनी तेव्हाच हटकलं असतं. त्यांनी तेल लावलं ते मायेनं लावलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. आता रविवारी त्याला समोर बसवून डोक्याला तेल लावून द्यायला सांगा. पंधरा वर्षांचं झालं तरी ते काही नको म्हणायचं नाही, आणि मोबाईल अर्धा तास तरी हातातून सुटेल.